मालूवहिनींचा बुटका होस्टा

झाडं जगली की फोटो साठतात, मेली की किस्से. सावलीत बाग करणाऱ्या आमच्या धार-देवासच्या ग्रुपकडे किस्सेच जास्त, काय सांगू!

बुटक्या होस्टाचं खूळ धारच्या मालूवहिनींचं. पूर्ण वाढला तरी वाटीत मावेल एवढा, उंदराच्या कानासारखी निळसर पानं. नर्सरीवाला म्हणाला, "भाभीजी, ठंडे मुल्क का पौधा है, यहाँ मर जाएगा."

"मरना तो अपने को भी यहीं है, भिया!" म्हणत वहिनींनी दोन घेतले. एक स्वतःला, एक मला, देवासला.

*

होस्टा हिवाळ्यात पानं टाकून झोपतो. त्याला कडक थंडी लागते, आपल्या माळव्याची पुरत नाही. म्हणून आम्ही मुळं ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचो, भाजीच्या कप्प्यात.

एकदा वहिनींच्या नणंदेनं आलं समजून ते मूळ चहात किसायला घेतलं. वहिनी किंचाळल्या, "वन्सं, ते झोपलंय!"

*

गेल्या हिवाळ्यात वहिनींना कॅन्सर निघाला. त्या इंदूरला दवाखान्यात, घरी नाना एकटे. बायकोचं रोप छान फुलावं म्हणून नानांनी काय करावं? जास्त गार तर जास्त फुलं, असा हिशेब करून मुळं उचलून फ्रीजरमध्ये टाकली!

शिवरात्रीला मी लावायला गेले, तर मूळ उकडलेल्या बटाट्यासारखं हातात आलं. "सुधाताई, हिला सांगू नका," नाना म्हणाले. मला रडूच फुटलं.

*

वहिनी रोज फोनवर विचारायच्या, "कोंब आला?"

"आला," नाना म्हणायचे.

"पानं?"

"चार."

मेलेलं रोप भराभर वाढायला लागलं! शेवटी वहिनींनी फोटो मागितला. मी माझ्या कुंडीचा पाठवला. वहिनींनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, पाणी जास्त घालताय."

लगेच नानांचा मला फोन, "सुधाताई, पाणी कमी करा!"

*

उन्हाळ्यात वहिनी गेल्या. दहाव्याला धरमपुरीला नर्मदेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा शिवेना.

"काहीतरी इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले.

मुलानं हात जोडले, "आई, नानांना एकटं ठेवणार नाही." कावळा फांदीवरच.

मी म्हटलं, "वहिनी, तुमचं रोप मी सांभाळीन." कावळ्यानं पाठ फिरवली.

ऊन चढलं. पाय भाजायला लागले. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा नाना पुढे झाले.

"मालू, रोप मेलं गं. मीच मारलं. तुला दाखवलं ते सुधाताईंचं होतं."

कावळा खाली आला.