आत्या, दारं आणि बोटीवरचे शेजारी

माझ्या आत्याइतका दारांवर राग धरून बसलेलं माणूस साऱ्या गोव्यात दुसरं जन्माला आलं नसेल. माणूस चांगला की वाईट हे लोक त्याच्या बोलण्यावरून, वागण्यावरून किंवा निदान कपड्यांवरून ठरवतात. आत्या ते दारावरून ठरवते. तिच्या मते जगात दोनच जाती आहेत, दार लावणाऱ्यांची आणि दार आपटणाऱ्यांची, आणि दुसऱ्या जातीत सोयरीक करू नये. हे ती गंमत म्हणून सांगत नाही. माझ्या चुलतबहिणीला बघायला आलेला मुलगा दिसायला चांगला होता, नोकरी उत्तम होती, पोहेसुद्धा त्याने दुसऱ्यांदा मागून खाल्ले. मग तो हात धुवायला गेला आणि न्हाणीचं दार धाडकन आपटून बाहेर आला. आत्याने त्याच्या आईसमोरच मान हलवली. "हय चेडू दिवचां नाय." म्हणजे या घरात मुलगी द्यायची नाही. तो मुलगा आता परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे. कोणी त्याचा विषय काढला की आत्या म्हणते, "आसात मोठो. पण थंयसरय दारां आपटीतच असतलो."

पेडण्याच्या तिच्या घराभोवती जे शेजारी राहतात त्यांची मला दया येते. समोरच्यांचं लोखंडी फाटक करकरतं म्हणून ती भर दुपारी खोबरेल तेलाची वाटी घेऊन गेली आणि कोणाला न विचारता बिजागऱ्यांना तेल घालून आली. घरातली माणसं खिडकीतून पाहत राहिली. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवरून हरमलच्या बाजूला उधळणाऱ्या पोरांना ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून अडवते आणि विचारते, "तुमच्या आवशीक तुम्ही सकाळी असांच उठयतास?" म्हापशाच्या बसमध्ये कंडक्टर निघण्याची खूण म्हणून पत्र्यावर ठाप ठाप मारतो. आत्या प्रत्येक वेळी म्हणते, "म्हस काय रे ती? मारल्याशिवाय चलना नाय?" मी तिच्याबरोबर असले की अशा वेळी खिडकीबाहेरची काजूची झाडं फार निरखून बघते.

मला राग येत नाही असं नाही. डिचोलीत आमच्या घरावरून खाणीचे ट्रक जायचे तेव्हापासून मला आवाजाचा राग आहे. पण माझा राग घशापाशी येऊन बसतो, बाहेर पडत नाही. आत्याचा राग दारातच उभा असतो, चपला घालून.

आणि या बाईच्या घराचं पुढचं दार दिवसा कधीही लागत नसे. दिवसाढवळ्या दार लावून बसणं आमच्या बाजूला अशुभच मानतात, दार मिटलेलं दिसलं की लोक थबकतात, घरात कोणी गेलं की काय म्हणून. पण आत्याचं कारण त्याहून वेगळं होतं. तिचे यजमान, म्हणजे माझे काका, आयुष्यभर बोटीवर होते. मोठमोठ्या प्रवासी बोटींवर केबिनी झाडायच्या, चादरी बदलायच्या, टॉवेल घड्या घालून ठेवायचे. बोटीवरून सुटी मिळाली की ते न कळवता येत, पिशवी खांद्यावर टाकून. त्यांनी लग्नानंतर लगेच आत्याला सांगून ठेवलं होतं, "लोकांच्या दारार टकटक करून माझां आयुष्य जातला. माझ्या घराच्या दारार तरी माका टकटक करूक लावू नको." म्हणून दार उघडं. आणि दार हलक्या हाताने लावायचं शिक्षणही त्यांचंच. झोपलेल्या पाहुण्याला कळू न देता केबिनचं दार कसं लावतात हे ते आम्हा मुलांना करून दाखवत. एक हात मुठीवर, दुसरा हात फळीवर, आणि शेवटच्या क्षणी श्वास रोखायचा.

काका नोकरी संपवून घरी आले आणि वर्षभरात गेले. त्या दिवशी शेजारच्या बायकांनी रिवाजाप्रमाणे दार ओढून घेतलं. आत्या रडत होती ती उठली, तिने दार उघडलं, आणि त्या बायकांना म्हणाली, "लावूक सांगल्यान कोणी?" त्यानंतर बराच काळ ते दिवसा लागलं नाही.

काकांनी तिला एका गोष्टीचं वचन दिलं होतं. बोटीवर त्यांना राहायला मिळे ती खोली पाण्याच्या पातळीखालची, जनेल म्हणजे खिडकीही नसलेली. पण प्रवासी फिरायला उतरले की ते बाल्कनीच्या केबिनी आवरायला जात, आणि बोट चालू असताना प्रवासी जेवायला गेले की कधीतरी घटकाभर तिथे उभे राहत. ते सांगत, बोट पाणी कापत जाते तेव्हा खालून एक आवाज येतो, सुपात तांदूळ पाखडल्यासारखा. "तुका एकदा पाशिंजर म्हणून नेतलंय. थंय कदेल घालून बस आणि आयक." कदेल म्हणजे आमच्याकडची खुर्ची. तो आवाज आत्याला ऐकायचा होता. बाकी तिला बोटीतलं काही नको होतं. मुरगावहून निघणाऱ्या एका बोटीची तिकिटं तिने काढली आणि सोबत म्हणून मला धाडण्यात आलं. "तुला इंग्लिश येतं," बाबा म्हणाले. मला इंग्लिश येतं हे खरं. ते कोणाशी बोलावं लागू नये म्हणून मी काय काय करते, ते बाबांना माहीत नव्हतं.

बोटीवर पाऊल ठेवल्यापासून आत्याने केबिनचं पेडणे करून टाकलं. पुढचं दार आपोआप मिटणारं होतं, त्यात तिने आपली चप्पल अडकवली. बाल्कनीचं दार जड, काचेचं. ते वाऱ्याने हलू नये म्हणून देवाला आणलेला नारळ त्याच्या बुडाशी लावला. केबिन आवरायला येणाऱ्या माणसाचं काम वाढू नये म्हणून ती पहाटेच आपली चादर स्वतः झटकून ठेवी, आणि तो आला की त्याला उभ्याने लाडू खायला लावी. तो बिचारा रोज नम्रपणे चप्पल काढून दार लावायचा. तो वळला की आत्या चप्पल पुन्हा अडकवायची.

मग तिने बाल्कनीत खुर्ची घातली, पदर सावरला, डोळे मिटले, आणि शेजारच्या केबिनीचं बाल्कनीचं दार धडाम् करून आपटलं.

सुरुवातीला वाटलं, चुकून झालं असेल. पण ते शेजारी चुकून काही करणाऱ्यांतले नव्हते. दार आपटे, मोठ्याने हसणं येई, कोणीतरी आतल्याला हाक मारे, वाऱ्यात शब्द कळत नसत, दार पुन्हा आपटे. एक पुरुषी आवाज तर असा होता की समोरून ट्रक येतोय म्हणून बाजूला व्हावंसं वाटावं. मधल्या पडदीमुळे माणसं दिसत नव्हती, फक्त आवाज. दार आपटलं की आमचा पेला थरथरायचा आणि आत्या म्हणायची, "ह्येंच्या आवशीक खाव! दार काय बापाशीनं दिल्यान?" मला तिचा राग आला, कारण सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी भीती होती. शेजाऱ्यांचा त्याहून जास्त आला. मी मनातल्या मनात इंग्लिशमध्ये तक्रारीची फार सभ्य वाक्यं जुळवायला घेतली. ती जुळून येईपर्यंत दार आणखी कितीदा तरी आपटलेलं असायचं. जेवायला जाऊन यावं तर आपटणं, आंघोळ करून यावं तर आपटणं. दर वेळी आत्या बाल्कनीत जाऊन बसे, कान लावी, आवाज अगदी पकडीत येतोय असं वाटे तोवर धडाम्. तिचा चेहरा असा होई की कोणी तिच्या हातातून ताट ओढून घेतलंय.

शेवटी मी फोन उचलला. खाली काउंटरवर कळवणार होते. आत्याने फोन माझ्या हातातून काढून जागेवर ठेवला. अर्थात हळूच.

"तक्रार करू नको."

"का? आपण पैसे भरलेत!"

"तक्रार केलंस काय बोलणी त्या केबिन झाडणाऱ्याक बसतत. शेजारी दार आपटी, आणि साहेब ह्येंका ओरडी. ह्येंनी लय आयकलां हा तसां." 'ह्येंनी' म्हणजे काकांनी.

मग काय करायचं, मी विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कळलं. परतीचा प्रवास सुरू झाला होता, म्हणजे हातात तेवढाच दिवस उरला होता. ऊन वर आलं होतं. आत्या धुतलेलं लुगडं नेसून बाल्कनीत आली, वाकली, दाराच्या बुडाशी लावलेला नारळ उचलला, तो दोन्ही हातांत धरून समुद्राकडे तोंड केलं आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने मांडलेली फिर्याद. आमच्याकडे ते गावातले मानकरी पुरुष घालतात आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. बायकांनी घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. बोटीच्या बाल्कनीतून तर कोणीच नसेल ऐकलं.

"बा दर्यादेवा म्हाराजा!" आत्या गरजली. "पेडण्याची ही तुझी लेक नारळ घेवन उभी आसा."

"व्हय म्हाराजा!" पडदीपलीकडून उत्तर आलं.

मी गारठले. तोच ट्रकसारखा आवाज होता. आत्याही क्षणभर थबकली, पण गाऱ्हाणं मध्येच तोडत नाहीत.

"ती तुझो आवाज आयकूक इली. दुसरां काय मागीत नाय."

"व्हय म्हाराजा!" आता त्यात एका बाईचाही आवाज मिसळला होता.

"पण बाजूच्या केबिनीत कोण हलकट येवन ऱ्हवलेत, तेंका दार लावची अक्कल नाय."

"व्हय म्हाराजा!"

"तेंका अक्कल दी. अक्कल दिवक जमत नसात तर तेंचे हात लुळे कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेजारी जीव तोडून ओरडले. लहानपणापासूनची सवय. गाऱ्हाणं कानावर पडलं की होकार तोंडातून निघतो, ते कोणाविरुद्ध आहे हे नंतर कळतं.

"ह्या बोटीर दार म्हणून वाजता नये..."

आणि आमचं बाल्कनीचं दार वाजलं. नारळ आत्याच्या हातात होता, दाराला अडवायला काही नव्हतं. साऱ्या प्रवासात शेजाऱ्यांकडून झाला नव्हता एवढा मोठा आवाज आमच्या केबिनीतून झाला. माझ्या पाठीला हादरा बसला.

मग पडदीच्या कडेने एक मोठं, मिशाळ, घाबरलेलं तोंड बाहेर आलं.

"बायो, गाऱ्हाणां कोणाचां होतां?"

"तुमचांच!"

"आणि आता दार कोणाचां वाजलां?"

आत्याने वळून आमच्या दाराकडे पाहिलं, मग हातातल्या नारळाकडे. माझ्या तोंडून हसू फुटलं, ते मी खोकल्यात लपवलं. गृहस्थांनी आपणहून सगळं सांगितलं. ते सावंतवाडीकडचे, आमच्या डिचोलीत खाणीवर ट्रक चालवला, मग स्वतःचे ट्रक घेतले. ट्रकचं दार जोराने ओढल्याशिवाय लागत नाही, हाताला तशीच सवय पडली.

"पण आता माझो हात खंय होतो?" ते म्हणाले. "ह्यो वारो. फुडला दार उघडां, मागला दार उघडां. मधसून वारो घुसता नि काड्कन आपटता. तुमचां फुडला उघडां आसा मां?"

"आसा."

"आमचांय. दिवसाढवळ्या दार लावून बसूक आमच्या घरात कोण मेला?"

ते हसत म्हणाले. त्यांना काय माहीत. आत्याची बोटं नारळावर घट्ट झाली, एवढंच मला दिसलं. तिच्याकडे पाहून त्यांचं हसू आपोआप मिटलं. "थांबा," ते म्हणाले, "मी लावतंय आमचां," आणि आत गेले. थोड्या वेळाने त्यांच्या बाजूने एक छोटासा 'टक्' ऐकू आला.

आमच्या केबिनीतून मात्र वारा अजून शिटी घालत होता आणि बाल्कनीचं दार चौकटीत खडखडत होतं. मी चप्पल काढायला उठले.

"ऱ्हव," आत्या म्हणाली. "मी लावतंय."

ती पुढच्या दाराशी गेली. चप्पल काढून पायात घातली. बोळात डोकावून तिने आधी एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या, पेडण्याच्या घरातून ती बस स्टँडकडच्या रस्त्याकडे पाहते तसंच. बोळ रिकामा होता. मग एक हात मुठीवर, दुसरा फळीवर. दार लागल्याचं मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

ती येऊन बसली. शिटी थांबली होती. खालून, फार खालून, एक बारीक, सलग सळसळ वर येत होती. आत्याने डोळे मिटले. मी तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाण्याकडे बघत राहिले.

"पाखडूचो नाय गो ह्यो," ती एकदम म्हणाली. आवाजात राग होता, पण तो शोधावा लागत होता. "तांदूळ धुवचो आवाज. ह्येंनी जन्मात कधी सूप हातात धरल्यानी? तेंका काय म्हायत!"

मग ती म्हणाली, "सांगूक होया तेंका," आणि मान वळवून पुढच्या दाराकडे बघत बसली.

पडदीपलीकडे कोणीतरी शिंकलं आणि लगेच कोणीतरी त्याला गप्प केलं. नारळ आत्याच्या मांडीवर होता. तो तिने समुद्राला दिला नाही, परत पेडण्याला आणला. आता तो तिच्या पुढच्या दाराच्या बुडाशी असतो. दार दिवसा उघडंच असतं. पण हल्ली दुपारी घटकाभर ती नारळ बाजूला सारते आणि दार लावून झोपते. समोरून जाणारे थबकतात. आत्या आतून ओरडते, "मेला नाय कोण! निजलंय मी! आवाज करू नकात!"