वारलेल्या आत्याबरोबर मॅचला

बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या फुटबॉल क्लबची मॅच मडगावला होती, तीही बुधवारी दुपारी चार वाजता. आठवड्याच्या मधोमध मॅच कोण ठेवतं? पण ठेवली होती खरी, आणि मी अन् माझे दोन मित्र क्लबच्या मागं कुठंही जाणारे. मी तेव्हा तिथल्याच एका हायस्कुलात कारकून होतो. परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस होते, रजा मिळणं अवघड. म्हणून मंगळवारी संध्याकाळी हेडमास्तरांपुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, गुंजीची आत्या वारली. तिचा मुलगा पुण्याहून यायचाय, त्यामुळं माती उद्या."

आत्या खरी होती आणि ठणठणीत होती.

सरांनी चष्मा काढला. "अरेरे. मी पण येतो."

सर माणूस भला, कुणाच्याही मयताला जायचे. नको नको म्हणालो, तर त्यांना ते माझं दुःख वाटलं.

बुधवारी सकाळी लोंढ्याच्या पॅसेंजरला सर झेंडूचा मोठा हार घेऊन हजर. त्याच डब्यात माझे दोघे मित्र, एकाच्या मांडीवर हलगी. सरांनी हलगीकडं बघितलं. "वाजवणारे आहेत," मी म्हणालो. गुंजीला आम्ही दोघं उतरलो, वाजवणारे उतरले नाहीत. "ते मागनं येतील," मी सांगितलं आणि पुढं चालू लागलो. घर येईपर्यंत एकही उपाय सुचला नाही.

आत्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. "कधी आलास रं? आन् हे पाव्हणं कोण?"

सर हार धरून उभे. मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

मग आत्या म्हणाली, "मला मारलास ते मारलास. पण मॅचला एकटाच निघालतास व्हय? मी अजून समुद्र बघितल्याला न्हाय."

सर पायरीवर बसले. "मी रजेच्या अर्जात अंत्यविधीसाठी असं लिहून आलोय," ते हळू आवाजात म्हणाले. "आता दुपारीच शाळेत गेलो तर लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात आत्यानं लुगडं बदललं. शेजारच्याचा भाजीचा टेम्पो गोव्याला निघत होता. पुढं सर आणि आत्या बसले, मागं कोबीच्या पोत्यांवर मी. हार सरांच्या मांडीवरच होता.

घाटाच्या नाक्यावर पोलिसानं टेम्पो थांबवून आत डोकावलं. "कुठं चालला?"

सर सवयीनं बोलून गेले, "मयताला."

"कोण वारलं?"

"मी," आत्या म्हणाली.

पोलिसानं आत्याकडं बघितलं, हाराकडं बघितलं, मग मागं येऊन कोबीवर बसलेल्या माझ्याकडं बघितलं. आणि हात हलवून गाडी सोडली.

आम्ही पोचलो तेव्हा आमच्या टीमचे चार गोल खाऊन झाले होते. प्रेक्षकांत आमच्या बाजूचे दोघंच, हलगी वाजवून घामाघूम झालेले. सरांना बघून एकाची काडीच गळून पडली. सर त्याच्याशेजारी बसले आणि विचारलं, "आपले कुठले?"

"निळे, सर."

शेवटच्या मिनिटाला निळ्यांनी एक गोल केला. आम्ही असे नाचलो की यजमान गावचे लोक उठून आम्हालाच बघायला लागले. मॅच संपल्यावर आमचा कॅप्टन इतक्या लांब आल्याबद्दल आभार मानायला आला, तर सरांनी तो हार त्याच्या गळ्यात घातला. हरलेल्या माणसाला हार का, हे त्याला कळेना. आम्हीही सांगितलं नाही.

मैदानाला लागून समुद्र नाही हे कळल्यावर मात्र आत्या माझ्यावर खरीखुरी चिडली. मग बसनं कोलव्याच्या किनाऱ्यावर गेलो. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती पाण्यात उभी राहिली, शेजारी बूट हातात धरून सर. लाट आली की दोघंही एकदम मागं सरकत होते.