उंदीर, धामण आणि सर

जगात एकही गोष्ट एका जागी थांबत नाही, हे आमच्या गणिताच्या सरांनी स्वतःच्या अंगावर सिद्ध करून दाखवलं होतं. मी त्यांना खुर्चीत टेकलेलं कधी पाहिलं नाही. वर्गात ते येरझारा घालत शिकवायचे. समीकरणाची डावी बाजू फळ्यापाशी, उजवी दाराबाहेर. एकदा राजारामपुरीत चहाला थांबलो, तर आपला कप माझ्या हातात देऊन ते मासे विकणाऱ्या बाईभोवतीची मांजरं मोजायला गेले. "सर, पॅसेंजर बी मोजा की, लई कमी झाल्यात," एक रिक्षावाला ओरडला. सरांनी तेही वहीत लिहून घेतलं.

माझा प्रकल्प त्यांनीच सुचवला. गडमुडशिंगीला आमचा ऊस आहे. उंदीर वाढले की त्यांना खाणाऱ्या धामणी वाढतात, धामणी वाढल्या की उंदीर घटतात, मग धामणींचीही उपासमार होते. हा झोका गणितात मांडायचा. चार महिने मी दर रविवारी बांधावरची बिळं मोजली. शेवटची मोजणी बघायला सर स्वतः येणार होते. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. सर आणि माझे वडील, आप्पा, समोरासमोर येणार याचीच मला धास्ती होती. आप्पांनी मात्र जय्यत तयारी केली होती. "पावणं येणार म्हणून सगळी बिळं औषध घालून बुजीवली. धामण बी मारली. आता बिनघोर फिरा, सर."

मला रडूच कोसळलं. चार महिन्यांची मेहनत गेली. सरांनी बांधावर तीन फेऱ्या मारल्या आणि काठीनं मातीत दोन लाटा काढून आप्पांना सगळं समजावलं. आप्पा त्या लाटांपाशी उकिडवे बसले. "म्हंजे धामण मारली, तर म्होरल्या साली उंदरं ज्यादा की वो?" मला हे समजायला एक सत्र लागलं होतं.

"व्हय!" सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "अगं, चूक त्यांची नाही. तू गणितात वडिलांना घेतलंच नाहीस." मग धामण मारणारा आणि औषध घालणारा माणूसही गणितात घालून मी प्रकल्प पुरा केला.

सर तासिकेवर, म्हणजे दर तासाच्या मानधनावर होते. यंदा त्यांना तास मिळाले नाहीत. कुठं गेले, कुणाला ठाऊक नाही. फोनही लागत नाही. आप्पा आता धामणीला हात लावत नाहीत. दर रविवारी बांधावरून मला फोन करतात, "पाच बिळं नवी हाईत. सरास्नी सांग." मी "सांगते" म्हणते, आणि वहीत लिहून ठेवते.