मुरमातली डावीकडे, काळ्या मातीतली उजवीकडे

आमच्याकडे वर्षातले दोन महिने घाई आणि दहा महिने वाट बघणं. वाट बघणाऱ्या माणसांकडे किस्से साठतात. आमचे हसत सुरू होतात, इतकंच.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमची लॅब होती. नाशिककडच्या बागांमधली वाइन सॅम्पलच्या बाटल्यांतून इथे यायची. कुठली किती मिसळून रेड वाइन करायची ते इथे ठरायचं आणि तिकडच्या टाक्यांत तसं मिसळायचे. ठरवणारे पास्कूकाका, गोराईच्या गावठाणातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती. घरी पिढ्यान्‌पिढ्या नाताळची वाइन. मालक हेमंतशेठ. आणि मी, नीता, विक्रोळीची, बी.एस्सी. केमिस्ट्री.

* * *

पहिल्याच दिवशी काकांनी माझ्यापुढे दोन ग्लास ठेवले. एक वाइन मऊ, जांभळासारखी, जरा पाणचट. दुसरी गडद, मिरीच्या वासाची, हिरड्या आवळून धरणारी.

"दोन वेगळी द्राक्षं," मी एकदम कॉन्फिडन्सने सांगितलं.

"एकच. दोन्ही शिराझ," काका म्हणाले. "पहिली काळ्या मातीतली. तिथे पाणी धरून राहतं, वेल बसल्या जागी पितो, मणी फुगतात. दुसरी टेकडीवरच्या मुरमातली. पाणी थांबत नाही, मुळं खोल जातात. मणी बारीक, साल जाड. रंग नि तुरटपणा सगळा सालीत."

"म्हणजे मुरमातली चांगली ना?"

"नुसती पिऊन बघ, भांडायला येते. लाडावलेलं पोर आणि मार खाल्लेलं पोर एका बाकावर बसवलं, तरच वर्ग चालतो."

* * *

शेठना ब्लेंडमध्ये कॅबर्ने, म्हणजे दुसऱ्या एका तुरट द्राक्षाची वाइन, जास्त हवी होती. लेबलवर नाव भारी दिसतं म्हणून.

काका म्हणाले, "शेठ, कॅबर्ने म्हणजे सासरा. घराला कणा म्हणून असावा. प्रत्येक खोलीत दिसायला लागला की सून माहेरी जाते."

शेठनी वाढवलीच. हॉटेलवाल्यांनी सगळा माल परत पाठवला. 'मी सांगितलं होतं' असं काका एकदाही म्हणाले नाहीत. मऊपणासाठी मर्लो द्राक्षाची थोडी वाइन घालून नवं सॅम्पल केलं आणि शेठच्या टेबलावर ठेवून आले. चिठ्ठीवर फक्त लिहिलं होतं, 'सून परत आली.'

* * *

मग एक दिवस बागवाल्याचा फोन आला. टेकडी रिसॉर्टसाठी दिली, शिराझचे वेल उपटले.

"किती वर्षांचे होते?" काकांनी विचारलं.

"अठरा."

काकांनी फोन ठेवला आणि ग्लास पुसायला घेतले. स्वच्छच होते.

आता कणा आणायचा कुठून? काळ्या मातीतली कॅबर्ने मागवली. तिथे वेल पानांनीच माजतो, द्राक्ष धड पिकत नाही, वाइनला ढोबळी मिरचीचा वास मारतो. तीन आठवडे आम्ही प्रमाणं बदलत बसलो. शेवटी काका म्हणाले, "पाण्याला हाडं बसवता येत नाहीत गो."

* * *

त्याच सुमारास काकांना जबरदस्त ताप येऊन गेला. ते कामावर परत आल्यावर मी एक बाटली उघडली. पार व्हिनेगर झालेली. काकांनी ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाले, "छान."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"काका, वास येत नाही?"

"तापानंतर गेला. डॉक्टर म्हणतो येईल. शेठना सांगू नको."

पुढे आठ महिने मी वास घेतला आणि त्यांनी ब्लेंड केलं.

"ढोबळी मिरची आहे."

"किती?"

"डब्यात कालची भाजी असेल तितकी."

"मग मर्लो आणखी एक वाटा."

* * *

शेठनी दोन नव्या बागांची शिराझ मागवली आणि एका बड्या गिऱ्हाइकाला गाळ्यावर बोलावलं. त्याच्यासमोर म्हणाले, "काका, न सांगता ओळखा, कुठली कुठल्या मातीतली." मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. वाट लागली, मला वाटलं.

काकांनी एकेक घोट तोंडात फिरवला. "डावीकडची मुरमातली. उजवीकडची काळ्या मातीतली." अगदी बरोबर. गिऱ्हाईक म्हणालं, "काय नाक आहे."

नंतर मी विचारलं, कसं ओळखलंत. "तुरटपणाला वास नसतो गो. तो हात लागल्यासारखा हिरड्यांना लागतो." मग थांबून म्हणाले, "पण डावीकडचीचा वास कसला होता, ते सांग."

मिरी, जांभूळ, ओला दगड, मी सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच शेठना खरं सांगितलं आणि काम सोडलं.

* * *

त्याच वर्षी रोझीमावशी, त्यांची बायको, गेल्या. महिन्याभराने काकांनी मला गोराईला घरी बोलावलं. चहा झाल्यावर आतल्या खोलीत नेऊन कपाट उघडलं आणि मावशीचं लुगडं माझ्या हातात दिलं.

"हिचा वास आहे का अजून?"

मी नाकाशी धरलं. डांबरगोळ्या. दुसरं काहीच नाही.

"आहे, काका."

"कसला?"

"टाल्कम पावडर. खोबरेल. चुलीचा थोडा धूर. आणि पदराला सुके बोंबील, अगदी पुसट."

काकांनी लुगडं माझ्या हातातून घेऊन नीट घडी घातली.

"डांबरगोळ्या मीच टाकल्यात गो," ते म्हणाले. "त्या तू सांगितल्या नाहीस."