नंबराला ठेवलेल्या चपला

मंडळी, चाळीच्या फळ्यावर हे खरडतोय, पण तळपाय अजून पोळताहेत.

आज फुटबॉलचा सामना पाहायला गेलो. फाटक बंद आणि बाहेर ही भली मोठी रांग. शेजारचा सदू म्हणाला, "नळावर बादल्यांनी नंबर लावतो ना, तसा चपलांनी लावू रे." चपला रांगेत ठेवून आम्ही झाडाखाली बसलो.

फाटक उघडलं तशी झुंबड उडाली. आत सामना सुरू व्हायच्या आधीच बाहेर आमच्या चपलांचा फुटबॉल झाला! त्या शोधेपर्यंत फाटक पुन्हा बंद.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात हीच माणसं किती शिस्तीत चालतात. मग फाटकाशी काय होतं आपल्याला?

माझी डावी चप्पल मिळालेली नाही. आपल्यापैकी कुणाला सापडली असेल, तर नळाच्या रांगेत ठेवा. तिथे तिला कुणी हात लावणार नाही.