जतन झालं

नोकरी घरूनच करता येते म्हटल्यावर मी मुंबई सोडून बोर्लीला येऊन राहिलो. गावात 'कॉम्प्युटरवाला' म्हणून मान मिळाला आणि माझ्या डोक्यात हवा गेली. जुन्या कागदांचे फोटो काढून, ते साफ करून साठवणारं एक अ‍ॅप मी फावल्या वेळात लिहिलं आणि ज्याच्या त्याच्या फोनवर चढवत सुटलो.

शेजारच्या वाडीतल्या काकांच्याही. काकू गेल्या, तेव्हा त्यांची ओव्यांची वही अस्थींबरोबर हरिहरेश्वरला सोडायची होती. तशी त्यांची इच्छाच होती. आदल्या दिवशी काकांनी ओटीवर बसून एकेका पानाचा फोटो काढला. प्रत्येक वेळी फोन म्हणाला, 'जतन झालं'. दुसऱ्या दिवशी वही समुद्रात गेली.

तेराव्याला काका फोन घेऊन माझ्याकडे आले. पहिली बारा पानं होती, पुढे काहीच नाही. मी फोन हातातही घेतला नाही. चार माणसांसमोर म्हणालो, "काका, घाईत बटण नीट दाबलं नसेल तुम्ही."

"असेल रे," ते म्हणाले. "हात थरथरत होते तेव्हा."

पावसाळा सरल्यावर माझ्या आईच्या जुन्या फोनवर नेमकं तेच घडलं. आईचे हात थरथरत नाहीत. तेव्हा कुठे मी माझाच कोड उघडून बसलो.

अ‍ॅपचा दर्शनी भाग जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत होता, फोटो साफ करायचं जड काम सी भाषेत. सीने दर पानाला फोनकडून मेमरी मागून घ्यायची आणि काम झालं की परत करायची. परत करायचं मी लिहिलंच नव्हतं. माझ्या महागड्या फोनला ते पचलं. काकांच्या फोनची मेमरी बाराव्या पानानंतर संपली. बरं, संपली तर तसं जावाला कळवायचं असतं, म्हणजे ती थांबते आणि माणसाला सांगते. मी नुसतं माघारी फिरायला लिहिलं होतं. साखर संपली म्हणून दुकानातून रिकाम्या हाताने यावं, घरी अवाक्षर काढू नये आणि घरच्यांनी शेजाऱ्यांना शिरा खायला बोलवावं, तसला प्रकार. जावा बिचारी 'जतन झालं' म्हणत राहिली.

मला स्वतःची शिसारी आली. तरी आठवडाभर मी काकांच्या फाटकावरून जायचं टाळलं, मागच्या पाणंदीने ये-जा केली. शेवटी एका सकाळी गेलो. काका सुपाऱ्या सोलत बसले होते.

"काका, चूक माझी होती. तुम्ही प्रत्येक पान बरोबर काढलं होतंत."

त्यांनी सुपारी खाली ठेवली. "नक्की?"

"नक्की. पण ती पानं आता परत यायची नाहीत."

मला शिव्या हव्या होत्या. ते उठले आणि माजघरात गेले. काकूंच्या फोटोसमोर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस का गं? मी नाही घालवली तुझी वही."