सरवा वेचणारी

वणीच्या रस्त्यावर मी जीपची वाट पाहत होतो. शेजारच्या काढलेल्या शेतात एक म्हातारी भुईमुगाचा सरवा, म्हणजे मातीत राहिलेल्या शेंगा वेचत होती. दर मुठीला तिची मान पलीकडच्या उसाकडे वळायची. आदल्याच दिवशी तिथून बिबट्यानं कुत्रं नेलं होतं. रस्त्याकडेला शेंगा संपल्या होत्या, तरी ती तिथेच उकरत होती.

"मधे पुष्कळ दिसतात की, आजी."

तिनं बांधातली उंदरांची बिळं दाखवली. फोलपटांचा ढीग बिळांच्या तोंडाशीच होता. "घुबडाच्या भ्यानं उंदीरबी लांब जात नाय. पोट हाय, पन जीव आधी."

"मी उसाकडे बघतो. तुम्ही वेचा."

ती मधे जाऊन दोन्ही हातांनी भराभर वेचू लागली. उसाचं पातं हललं की मी हातात ढेकूळ घ्यायचो. तिची ओटी अर्धी भरली आणि जीप आली. मी घुटमळलो. तीच लगबगीनं बाहेर आली.

"जा बाबा, परत गाडी नाय मिळायची."

जीपमधून मी वळून पाहिलं. रस्त्याकडेच्या त्याच रित्या मातीत ती पुन्हा हात फिरवत होती.